नऊ धावा आणि सहा धावा



इतिहास म्हटला की आपणांपुढे लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. माझी उमेद शाळेत गेली आणि तेथे मीही तोच इतिहास शिकवीत आलो. आज मात्र ज्या पाचसहा महिन्यांविषयी मला बोलावयाचे आहे, त्यांत एकही लढाई नाही. आहे तो केवळ क्रिकेटचा एक हंगाम. १९४८ च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला आणि १९४९ चा उन्हाळा लागण्याच्या सुमारास संपला. मी बुलढाणा जिल्ह्यातील जानेफळचा. आमच्याकडे हंगाम म्हटला की तो कापसाचा, असे कोणीही गृहीत धरतो. परंतु त्या साली कापूस वेचला जात होता त्याच दिवसांत पुण्याच्या, मुंबईच्या, दिल्लीच्या व मद्रासच्या मैदानांवर जे घडले, ते माझ्या वडिलांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकले आहे की आपण स्वतःच तेथे हजर होतो असे मला अधूनमधून वाटू लागते. वडील तरी कोठे हजर होते? त्यांचे सारे ज्ञान वर्तमानपत्रांतून आलेले, आणि वर्तमानपत्र आमच्या गावी दोन दिवस शिळे होऊन येत असे. नागपूरचे रेडिओ केंद्र १९४८ च्या जुलैत नुकतेच निघाले होते. पण रेडिओचे यंत्र गावात असावयास हवे ना!

ह्या हंगामाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. मुंबईच्या पारशांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तो १८४८ साली, म्हणजे ह्या हंगामाच्या बरोबर शंभर वर्षे अगोदर. पुढे पारशी विरुद्ध इंग्रज, मग त्यांत हिंदू, मग मुसलमान, आणि शेवटी ‘इतर’ अशी भर पडत मुंबईची पंचरंगी स्पर्धा उभी राहिली. लोकांना तिचे वेड होते. पण जातवार संघ करून खेळण्याची ही रीत बरी नव्हे असे गांधीजींनी १९४० साली स्पष्ट सांगितले, आणि १९४६ नंतर ती स्पर्धा बंद झाली. मागे उरली ती रणजी करंडकाची स्पर्धा. ती १९३४ साली निघाली होती व तीत संघ प्रांतांचे व संस्थानांचे होते. पंचरंगी सामन्यांना जी गर्दी लोटे ती रणजी सामन्यांना लोटेल काय, मुंबईचा मनुष्य ‘मुंबई’ ह्या नावासाठी तितक्याच जोराने ओरडेल काय, अशी शंका त्या वेळी अनेकांना होती.

आणि प्रांत व संस्थाने तरी त्या वर्षी जागेवर कोठे होती? काठियावाडातील लहानमोठी शेकडो संस्थाने एकत्र होऊन १९४८ च्या फेब्रुवारीत सौराष्ट्र संघराज्य झाले. त्याच साली मे महिन्यात होळकरांचे इंदूर मध्यभारतात गेले. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी मुंबई इलाख्यात विलीन झाले आणि बडोदे त्याच वर्षी १ मे रोजी. क्रिकेटच्या धावफलकावर मात्र ही नावे तशीच झळकत होती. काठियावाड, होळकर, बडोदे! राज्य गेलेले आणि संघ राहिलेला, असा तो चमत्कारिक काळ होता. हे मी अशासाठी सांगतो की पुढे पुण्यास जे घडले, ते केवळ क्रिकेटचे नियम वाचून समजणार नाही.

पुणे क्लबच्या मैदानावर १६ डिसेंबर १९४८ रोजी महाराष्ट्र आणि काठियावाड यांचा सामना सुरू झाला. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोर साहेब होते, महाराष्ट्राचे राजा गोखले. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. त्यानंतर महाराष्ट्राच्या वतीने भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास आले. कोल्हापूरचा हा गृहस्थ चारच दिवसांपूर्वी एकोणतीस वर्षांचा झाला होता. कमल भांडारकर आणि निंबाळकर ह्या दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. जगात त्या गड्यासाठी एवढी मोठी भागी तोवर कोणी केली नव्हती. भांडारकर २०५ धावा काढून बाद झाले. निंबाळकर चालतच राहिले. त्यांनी ४९४ मिनिटांत ४४३ धावा केल्या. त्यांत ४९ चौकार व १ षटकार होता.

मी गणित शिकवीत असल्यामुळे ह्या आकड्यांशी मला पुष्कळ खेळता आले. मुलांना मी उदाहरण घालीत असे : चौकारांच्या १९६ धावा आणि षटकाराच्या ६ मिळून २०२ झाल्या, तर पळून काढलेल्या धावा किती? उत्तर २४१. शिवाय समोरच्या गड्याच्या धावांसाठी पळावे लागले ते वेगळेच. आठ तास चौदा मिनिटे हा मनुष्य एका पट्टीवर पळत होता.

आता मुख्य गोष्ट. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० साली सिडनी येथे क्वीन्सलंडविरुद्ध नाबाद ४५२ धावा केल्या होत्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील तो जगाचा उच्चांक होता. ब्रॅडमनच्या आधी तो मान पॉन्सफर्ड यांच्या ४३७ धावांकडे होता, आणि निंबाळकरांनी तो आकडा मागे टाकलेलाच होता. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या असता मधली सुट्टी झाली आणि खेळाडू आत गेले. त्या सुट्टीत ठाकोर साहेबांनी गोखल्यांस सांगितले की आता डाव सोडा, नाही तर आम्ही सामना सोडून घरी जातो. केवळ दोन षटके खेळू द्या, उच्चांक झाला की लगेच डाव सोडतो, असे गोखल्यांनी विनविले असे सांगतात. ठाकोर साहेबांनी मानले नाही. काठियावाडने सामना सोडून दिला. खेळ पुन्हा सुरूच झाला नाही आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले.

ब्रॅडमनची बरोबरी करावयास नऊ धावा कमी पडल्या. एकदा मी फळ्यावर ४५२ वजा ४४३ असे मांडले आणि उत्तर नऊ सांगितले, तेव्हा मागल्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, नऊ नव्हे, दहा. नवांत बरोबरीच होते.” त्याचे खरे होते. परंतु लोकांच्या तोंडी नऊच बसले आहे, म्हणून मीही नऊच म्हणतो.

माझे वडील ठाकोर साहेबांविषयी बोलू लागले म्हणजे त्यांच्या तोंडी फारसे सभ्य शब्द नसत. कित्येक वर्षे मीही मुलांना ही गोष्ट सांगताना तोच सूर लावीत असे. काठियावाडची भूमी ती रणजितसिंहांची. ज्यांच्या नावाने हा करंडक दिला जातो, ते नवानगरचे जामसाहेब तेथलेच. त्याच भूमीच्या कर्णधाराने मैदान सोडावे, ह्याचा राग येणे स्वाभाविक होते. परंतु वय वाढले तसा माझा सूर थोडा खाली आला. आपल्या संघाचे नाव जगाच्या पुस्तकात पराभूतांच्या रकान्यात कायमचे कोरले जाणार, हे त्या कर्णधारास दिसत होते. दहा महिन्यांपूर्वी त्यांचे राज्य गेले होते. ज्याचे नुकतेच इतके गेले आहे त्याला आणखी एक गोष्ट हसतमुखाने द्या म्हणून सांगणे सोपे. देणे सोपे नाही. आणि दोन दिवस उन्हात चेंडूमागे धावणारे ते अकरा जणही माणसेच होती. तरीसुद्धा त्यांनी केले ते योग्य केले असे मात्र मी म्हणणार नाही. हरलेल्या सामन्यात शेवटपर्यंत उभे राहणे हाच खेळाडूचा धर्म होय. गड्याला बाद करून त्याचा उच्चांक हुकविता येतो. सुट्टीत बसून हुकवू नये.

असे प्रसंग आपल्याच देशात घडतात असेही कोणी समजू नये. जपानात बेसबॉल हा खेळ १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन नावाच्या एका अमेरिकन शिक्षकाने विद्यार्थ्यांना शिकविला असे मानतात. (आम्हां शिक्षकांचा उल्लेख इतिहासात विरळा येतो, म्हणून मुद्दाम सांगितले.) तेथे १९३६ साली पगारी खेळाडूंची स्पर्धा सुरू झाली. मी ज्या हंगामाविषयी बोलत आहे त्या सुमारास, १९४९ साली, टोकियोचा योमिउरी जायंट्स संघ तेथे विजयी झाला. हा संघ एका वर्तमानपत्राच्या मालकीचा. पुढल्याच वर्षी त्या स्पर्धेचे दोन भाग पडले. त्या जपानात सादाहारू ओ ह्या खेळाडूने १९६४ साली एका हंगामात ५५ होम रन मारले, म्हणजे चेंडू कुंपणाबाहेर ५५ वेळा धाडला. १९८५ साली हानशिन टायगर्स संघातील रँडी बास हा अमेरिकन खेळाडू ५४ वर पोचला. शेवटचे सामने होते जायंट्सशी, आणि जायंट्सचे व्यवस्थापक होते खुद्द ओ. चेंडू टाकणाऱ्यांनी बासला मारता येईल असा चेंडू देण्याचेच टाळले. बेसबॉलमध्ये बाहेरचे चार चेंडू टाकले की गडी न मारताच पहिल्या ठाण्यावर चालत जातो. तसे त्यास चालविले. २००१ साली टफी ऱ्होड्स ५५ पर्यंत आला, तेव्हा ओ यांच्याच हाताखालच्या दुसऱ्या संघाने पुन्हा तेच केले. अखेर २०१३ साली बालेंटिन ह्या खेळाडूने ६० होम रन करून तो उच्चांक मोडला. ठाकोर साहेब उठून घरी तरी गेले. जपानातील मंडळी मैदानात उभी राहून तेच करीत होती. दोहोंत अधिक वाईट काय, ते श्रोत्यांनीच ठरवावे.

पगाराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आपल्याकडील रणजी खेळाडूस खेळून पोट भरण्याची त्या काळी सोय नव्हती. कोणी संस्थानिकाच्या पदरी नोकरीस, कोणी कारखान्यात, कोणी रेल्वेत. विजय हजारे आणि विनू मंकड हे इंग्लंडात लँकेशायर लीगमध्ये पैसे घेऊन खेळले, पण असे थोडेच. निंबाळकर स्वतः बडोदे, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे असे अनेक संघ फिरले. ही भटकंती हौसेची नव्हे. नोकरी नेईल तेथे बॅट जाई.

इकडे हे चालले असता वेस्ट इंडीजचा संघ हिंदुस्थानात आला होता. स्वतंत्र हिंदुस्थानच्या भूमीवरील हे पहिलेच कसोटी सामने. गॉडर्ड त्यांचे कर्णधार, लाला अमरनाथ आपले. दिल्लीस पहिल्याच डावात पाहुण्यांनी ६३१ धावा केल्या आणि चौघांनी शतके ठोकली. आपल्या बाजूने अधिकाऱ्यांनी नाबाद ११४ धावा करून लाज राखली. वेस्ट इंडीजच्या एव्हर्टन वीक्स यांनी तर कहरच केला. इंग्लंडविरुद्ध एक शतक काढून ते इकडे आले होते; त्यावर दिल्लीस १२८, मुंबईस १९४, कलकत्त्यास १६२ व १०१. कसोटीत लागोपाठ पाच शतके! मद्रासला सहावे होणार, तोच नव्वदीवर ते धावबाद झाले. हा निर्णय वादाचा ठरला. मद्रासचा सामना आपण एक डाव आणि १९३ धावांनी हरलो.

शेवटचा सामना मुंबईस ब्रेबॉर्न मैदानावर ४ ते ८ फेब्रुवारी १९४९ ह्या दिवसांत झाला. आपणांस जिंकण्यास ३६१ धावा हव्या होत्या. त्या काळी चौथ्या डावात इतक्या धावा कोण करतो? पण रुसी मोदी यांनी ८६ केल्या, हजाऱ्यांनी १२२, आणि मग दत्तू फडकर ठाण मांडून राहिले. वेळ संपत आली तसा पाहुण्यांनी षटके टाकण्याचा वेग मंदावला, चेंडू यष्टींपासून दूर दूर पडू लागले. ८ बाद ३५५ झाल्या. सहा धावा उरल्या. आणि षटकातील एक चेंडू शिल्लक असताना, घड्याळात दीड मिनिट उरले असताना, पंचांनी गडबडीत खेळ संपल्याचे जाहीर केले. फडकर ३७ वर नाबाद राहिले. सामना अनिर्णित ठरला आणि मालिका वेस्ट इंडीजने एक-शून्य अशी जिंकली. कसोटीतला पहिला विजय पाहण्यासाठी आपणांस आणखी तीन वर्षे, म्हणजे १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत, थांबावे लागले. तो मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळाला.

पुण्यास नऊ आणि मुंबईस सहा. वडील म्हणत, “त्या साली देवाने पंधरा धावा उसन्या नेल्या.” त्यांतल्या त्यांत त्यांना सहांचे दुःख कमी होते. तेथे लढून तरी हुकले, असे ते म्हणत.

परंतु हंगाम एवढ्यावर संपला नव्हता. मार्चच्या ५ तारखेस पुण्यास मुंबई व महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना सुरू झाला आणि ११ तारखेपर्यंत तो चालला. बाद फेरीचे सामने निकाल लागेपर्यंत खेळावयाचे अशी रीत होती. मुंबईने प्रथम ६५१ धावा केल्या. त्यांत माधव मंत्री २००, उदय मर्चंट १४३, फडकर १३१. महाराष्ट्राने ४०७ केल्या. दातार १४३, रेगे १३३. एवढे झाल्यावर कोणीही समजले असते की आता संपले. मुंबईने मात्र दुसऱ्यांदा खेळून ८ बाद ७१४ वर डाव सोडला! मर्चंट पुन्हा १५६, फडकर पुन्हा १६०. महाराष्ट्रास जिंकण्यासाठी ९५९ धावा हव्या होत्या. हा आकडा ऐकून कोणाचेही हातपाय गळाले असते. महाराष्ट्राच्या गड्यांचे गळाले नाहीत. शरद देवधरांनी १४६ केल्या, रेग्यांनी दुसरे शतक पुरे केले, आणि सर्व बाद ६०४ पर्यंत मजल गेली. मुंबई ३५४ धावांनी जिंकली. नऊ शतके, चारी डावांच्या मिळून २,३७६ धावा. प्रथम दर्जाच्या कोणत्याही सामन्यात इतक्या धावा आजवर झालेल्या नाहीत.

तीन महिन्यांपूर्वी ह्याच शहरात एका संघाने ५८८ धावांची पिछाडी पाहून मैदान सोडले होते. आता महाराष्ट्र ९५९ चे लक्ष्य पाहून मैदानात उतरला आणि शेवटचा गडी बाद होईपर्यंत खेळला. निंबाळकरांची गोष्ट सांगणारे शेकडो भेटतात. ह्या ६०४ धावांविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. मला तर त्या हरलेल्या ६०४ धावा पुण्याच्या त्या हंगामातील सर्वांत मोठ्या वाटतात.

अंतिम सामन्यात मुंबईने बडोद्याचा ४६८ धावांनी पराभव केला. इब्राहिम यांनी २१९ धावा काढल्या. जे खेळाडू चार वर्षांपूर्वी पंचरंगीत हिंदूंच्या, मुसलमानांच्या व पारशांच्या वेगवेगळ्या संघांतून एकमेकांविरुद्ध खेळत, ते आता एका मुंबईसाठी खेळत होते. तिसऱ्या पंक्तीचे हे सामने ठरतील अशी शंका घेणारांची तोंडे त्या वर्षी बंद झाली. इब्राहिम मात्र पुढे १९५० साली कराचीस निघून गेले.

कराचीचे नाव निघाले म्हणून आठवले. ज्या उच्चांकासाठी पुण्यास एवढे रामायण झाले, तो ब्रॅडमनचा उच्चांक १९५९ च्या जानेवारीत कराचीस मोडला गेला. हनीफ महंमद यांनी ४९९ धावा केल्या आणि पाचशेवी काढताना ते धावबाद झाले. हे हनीफ मूळचे जुनागडचे. म्हणजे काठियावाडातच जन्मलेले! फाळणीच्या वेळी त्यांचे कुटुंब तिकडे गेले होते. पुढे १९९४ साली ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ धावा केल्या. भारतीय खेळाडूची प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील सर्वोच्च धावसंख्या मात्र अजूनही निंबाळकरांचीच आहे. २०२३ साली पृथ्वी शॉ ३७९ पर्यंत पोचला व थांबला.

त्या हंगामातील माणसे पुढे कोठकोठे गेली ते पाहणे मनोरंजक आहे. १० जुलै १९४९ रोजी, म्हणजे हंगाम संपल्यावर काही महिन्यांनी, मुंबईस सुनील गावसकर जन्मले. माधव मंत्री त्यांचे मामा. कमल भांडारकर यांनी पुढे त्यांना क्रिकेटचे धडे दिले. वेस्ट इंडीजवर पहिला विजय भारताने १९७१ साली त्यांच्याच भूमीवर मिळविला, आणि त्याच मालिकेत गावसकरांनी ७७४ धावा केल्या. काठियावाडचा संघ १९५० नंतर सौराष्ट्र ह्या नावाने खेळू लागला. आमचा जुना मध्यप्रांत व वऱ्हाडचा संघ जाऊन १९५७ साली विदर्भाचा संघ उभा राहिला. तो कित्येक वर्षे हरतच असे. २०१८ साली त्याने प्रथम रणजी करंडक जिंकला, आणि २०१९ साली नागपूरच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्रासच हरवून पुन्हा जिंकला. त्या दिवशी आमच्या गावातील मुले माझ्या ओट्यावर येऊन बसली होती. मला वडिलांची आठवण झाली.

निंबाळकरांना कसोटी सामना खेळण्याची संधी कधी मिळाली नाही. चारशेहून अधिक धावांचा डाव खेळूनही कसोटीत न खेळलेला दुसरा खेळाडू २०२२ पर्यंत जगात नव्हता. तो डाव ब्रॅडमन यांच्या कानी गेला, आणि आपल्या ४५२ पेक्षा हा सरस असे त्यांनी निंबाळकरांस कळविले असे म्हणतात. निंबाळकर कोल्हापुरास ११ डिसेंबर २०१२ रोजी वारले. त्र्याण्णवावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.